कोणाच्या अंगावर पडणार?

आषाढ लागला की आमच्या लोहाऱ्यात दोन कामं एकाच वेळी सुरू होतात. वावरात पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, डवरणी, निंदण आणि त्यामागोमाग फवारणी. आणि बौद्ध विहारात वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी विहारात बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. बाया स्वयंपाक आटोपून येतात, म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसतात, एखादी शिकलेली पोरगी वाचते आणि बाकीचे ऐकतात. मी गुरुदेव सेवा मंडळाच्या घरात वाढले. तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना वडिलांनी शेवटपर्यंत चुकवली नाही. शाळेतल्या एका सहकारी शिक्षिकेबरोबर मी वर्षावासाला जाऊ लागले आणि तिथंच एका भन्तेंच्या तोंडून राहुलची गोष्ट ऐकली. माणसानं स्वतःला प्रश्न कसा विचारावा, याबद्दलचं माझं आजचं मत त्या गोष्टीतून घडलेलं आहे.

गोष्ट अशी. राहुल म्हणजे सिद्धार्थाचा मुलगा, लहान वयात संघात आलेला. राजगृहाजवळ अंबलट्ठिका इथं तो राहत असताना बुद्ध त्याला भेटायला गेले. राहुलनं आसन मांडलं, पाय धुवायला पाणी ठेवलं. पाय धुऊन झाल्यावर बुद्धांनी भांड्यात थोडंसं पाणी शिल्लक ठेवलं आणि ते दाखवून सांगितलं की जाणूनबुजून खोटं बोलायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचं श्रमणपण एवढंसंच उरतं. मग ते पाणी ओतून टाकलं, भांडं पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट पुढं नेली. त्यानंतर त्यांनी विचारलं, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. मग तसंच पाहून पाहून कर्म करावं, असा उपदेश झाला. शरीरानं, वाणीनं, मनानं काहीही करण्याआधी पाहावं, करत असताना पाहावं, करून झाल्यावर पाहावं. पाहायचं काय, तर यातून मला पीडा होईल का, दुसऱ्याला होईल का, की दोघांनाही.

मज्झिम निकाय या पाली ग्रंथात हे सुत्त आहे. सम्राट अशोकानं राजस्थानातल्या बैराटजवळच्या भाब्रू शिलालेखात भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत म्हणून धर्मग्रंथातले सात भाग नावानिशी सांगितले. त्यांत राहुलला खोटं बोलण्याविषयी केलेला हा उपदेश आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्यानं तत्त्वज्ञानाचे कठीण ग्रंथ सोडून एका मुलाला सांगितलेली ही साधी गोष्ट निवडली, याचा मला फार आदर वाटतो. मराठी माणसाला हे सगळं मूळ पालीवरून समजावून सांगितलं ते गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी. बुद्धाचा शोध घ्यायला ते घरदार सोडून निघाले, नेपाळ आणि श्रीलंकेपर्यंत गेले, आणि शेवटी आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या आश्रमात १९४७ च्या जूनमध्ये अन्न वर्ज्य करून त्यांनी देह ठेवला. यवतमाळहून सेवाग्राम काही लांब नाही. तरी तिकडे जाणाऱ्या आमच्या भागातल्या फार थोड्या माणसांना हे ठाऊक असतं.

दिवस संपताना स्वतःकडे वळून पाहायची रीत जगात पुष्कळ ठिकाणी आहे. आमच्या जैन शेजाऱ्यांकडे प्रतिक्रमण असतं. रोमन तत्त्वज्ञ सेनेका रात्री दिवा नेला आणि बायको गप्प झाली की दिवसभराच्या वागण्याची स्वतःशी झाडाझडती घेत असे, असं त्यानंच लिहून ठेवलं आहे. आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतही डोळे मिटून आत पाहायचं असतं. या सगळ्या रीती चांगल्याच आहेत. पण रात्री जो विचार होतो तो घडून गेलेल्या गोष्टीचा. त्यातून पश्चात्ताप निघतो, कधी क्षमा निघते, आणि बरेचदा नुसती झोप लागते. राहुलला सांगितलेल्या गोष्टीत वेगळं आहे ते हे की पहिला प्रश्न हात उचलण्याच्या आधी येतो, आणि दुसरा हात चालू असताना.

आणखी एक फरक मला त्याहून मोठा वाटतो. आपण स्वतःला प्रश्न विचारतो तेव्हा सहसा ‘का’ असा विचारतो. मी असा का वागतो, मला राग का येतो, ही सवय मला का लागली. ‘का’ला उत्तरं तयार असतात. परिस्थिती तशी होती, सगळेच तसं करतात, वडिलांपासून चालत आलंय. इतकी वर्षं मुलांना शिकवताना पाहिलं, वर्गाला ‘समजलं का?’ विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात, आणि गुरुजी पुढच्या धड्याकडे वळतात. काही प्रश्नांची घडणच अशी असते की विचारणाऱ्याला हवं तेच उत्तर मिळावं. ‘कोणाला?’ हा प्रश्न तसा नाही. त्याच्या उत्तरात एक माणूस उभा राहतो, त्याला चेहरा असतो, आणि त्याची समजूत घालता येत नाही.

आमचं लोहारा यवतमाळला खेटून आहे. दारव्हा रस्त्यानं निघालं की एमआयडीसी लागते, डेनिमच्या कापडाचा कारखाना लागतो. गाव आता शहराच्या हद्दीत आलं आहे, तरी रस्ता सोडून आत शिरलं की काळी जमीन आणि पऱ्हाटी. आमचं वावर तिकडेच. मालक गेल्यापासून शेती मीच पाहते.

२०१७ चा पावसाळा या जिल्ह्यात कोणी विसरणार नाही. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत फवारणीतून विषबाधा झालेली माणसं यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येत राहिली. वीसहून अधिक माणसं दगावली, शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागेल इतकी वाढली होती, त्यामुळे फवारा वर मारावा लागे आणि तो तोंडावर येई. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली असत. नोव्हेंबरात राज्य सरकारनं पाच कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. चौकशी समिती बसली. आणि चावडीपासून टीव्हीपर्यंत एक वाक्य फिरत राहिलं: शेतकरी आणि मजूर निष्काळजी आहेत, मास्क घालत नाहीत, हातमोजे घालत नाहीत.

त्याच काळात विहारात वर्षावास चालू होता. तारखा पाहा, आषाढ ते आश्विन, फवारणीचे आणि वर्षावासाचे महिने एकच. राहुलची गोष्ट ऐकून मी घरी आले, दुसऱ्या दिवशी वावरात फवारणी होती, आणि मी धुऱ्यावर उभी राहून नुसतं पाहिलं.

फवारणी करणारा तरुण गावातलाच. प्लास्टिकच्या बकेटीत पाणी घेतलं, दोन डब्यांतलं औषध झाकणानं मोजून टाकलं, काडीनं ढवळलं. डब्यावर रंगीत त्रिकोण होता. तांबडा म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. त्या त्रिकोणाकडे ना दुकानदार बोट दाखवतो ना घेणारा बघतो. पंप पाठीवर चढवताना झाकणाशी थोडं औषध सांडलं आणि शर्टाच्या पाठीवर ओला डाग पडला. तो पहिल्या तासात, म्हणजे ओळीत, शिरला तेव्हा वारा समोरून होता.

“दोन औषधं काऊन मिसळतो रे?” मी विचारलं.

“काकू, दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत होते ना. तुमचाच पैसा वाचते.”

“आणि तुला त्रास झाला तर?”

“मले काय होते? सवय आहे.”

तो खरंच बोलत होता. माझाच पैसा वाचत होता. आमच्याकडे फवारणीचे पैसे पंपामागे देतात. जितके पंप जास्त, तितकी मजुरी जास्त. तोंडाला फडकं बांधलं की श्वास लागतो, थांबावं लागतं, म्हणजे पंप कमी. वाऱ्याकडे पाठ करून चालायचं तर तास बदलावे लागतात, फेरा वाढतो, म्हणजे पुन्हा पंप कमी. दुपारच्या उन्हात काम बंद ठेवलं तरी तेच. ज्याला आपण मजुराचा निष्काळजीपणा म्हणतो, तो मजुरीच्या दरात आधीच बसवलेला असतो, आणि तो दर मजूर ठरवत नाही. ‘तू मास्क का घालत नाहीस’ हा प्रश्न त्याला विचारून काहीही निष्पन्न होणार नव्हतं. माझं कर्म फवारणं हे नव्हतं. माझं कर्म होतं पंपामागे पैसे देणं. पाहायचं होतं ते त्याकडे: यातून मला, दुसऱ्याला की दोघांना?

आता आमच्या वावरात फवारणी रोजानं होते. सकाळी लवकर सुरू, ऊन चढलं की बंद. धुऱ्यावर साबण आणि पाण्याचा ड्रम. एका वेळी एकच औषध. खर्च वाढतो आणि तो वाढला पाहिजे, कारण आजवर ती रक्कम त्या मुलाचं शरीर भरत होतं. शेजाऱ्यांनी सुरुवातीला नावं ठेवली की काकू दर बिघडवते. काहींनी पुढे तसंच केलं, काहींनी नाही केलं.

मुळात फवारायचं की नाही हाही प्रश्न आहे. दुकानदार सांगतो म्हणून, किंवा शेजारच्या वावरात पंपाचा आवाज आला म्हणून फवारणारे पुष्कळ. गुलाबी बोंडअळीचं गणित कृषी विभाग आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्षानुवर्षं सांगते आहे: कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा शंभरातली दहा फुलं-बोंडं किडकी निघाली, तरच फवारणीचा विचार करा. त्यासाठी पऱ्हाटीत वाकून फुलं तपासावी लागतात. निरोगी फूल मोकळं उमलतं. अळी शिरलेलं फूल पाकळ्या एकमेकींत गुंतून मिटल्यासारखं राहतं, त्याला आम्ही डोमकळी म्हणतो. ती उघडली की आत परागांत बारीक अळी दिसते. ती पुढे बोंडात गेली की सरकीला लागते, बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि ते मारणाऱ्याच्या अंगावर मात्र पडतं. मोजायला अर्धी सकाळ जाते. पण फवारण्याआधीचा प्रश्न मी आता तिथं, त्या डोमकळ्यांशी विचारते.

याच अळीनं आमच्या दोन सवयी उघड्या पाडल्या. बीटी कापूस देशात २००२ साली आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं एक लहान पाकीट मिळायचं, बिगर बीटी बियाण्याचं. ते वावराच्या कडेनं पेरायचं, म्हणजे काही अळ्या तिथं बीटीच्या विषाविना जगतील, त्यांच्या पतंगांचा बीटीवर तगलेल्या पतंगांशी संकर होईल आणि विषाला न जुमानणारी जात लवकर तयार होणार नाही, असा त्यामागचा विचार. आमच्या भागात बहुतेकांनी ते पाकीट फेकून दिलं. चांगल्या जमिनीत मुद्दाम अळीसाठी पेरायचं, हे पटणं कठीणच होतं. आता ते बियाणं एकाच पाकिटात मिसळून येतं, म्हणजे ती निवड शेतकऱ्याच्या हातातून काढूनच घेतली.

दुसरी सवय फरदडीची. डिसेंबरात उलंगवाडी, म्हणजे पीक आटोपून वावर मोकळं करणं, व्हायला हवी. पण पाण्याची थोडी सोय असली की पऱ्हाटी तशीच ठेवायची, आणखी एक-दोन वेचे घ्यायचे, अगदी मार्चपर्यंत. नंतर उपटलेल्या पऱ्हाट्या सरपणासाठी धुऱ्यावर रचून ठेवायच्या. गुलाबी अळीला कापसाशिवाय फारसं दुसरं अन्न नाही. फरदडीनं तिला ते मिळत राहतं, आणि रचलेल्या काड्यांतल्या वाळक्या बोंडांत ती सुप्तावस्थेत पुढच्या हंगामाची वाट पाहते. फरदड घेणाऱ्याला विचारा, का घेतोस? तो म्हणेल, सोयाबीन गेलं, बँकेचा हप्ता आहे, हातात चार पैसे येतात. प्रत्येक शब्द खरा. मात्र त्या चार पैशांचे पतंग जूनमध्ये उडून शेजाऱ्याच्या वावरात जातात, आणि शेजारी ज्या औषधानं त्यांना मारतो ते तिसऱ्याच्याच पाठीवर सांडतं. फरदडीचा हिशेब एका सातबाऱ्यावर मांडताच येत नाही.

इथं मला थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. विदर्भातल्या शेतकऱ्याला आत्मपरीक्षण करायला सांगणारे खूप झाले. दारू सोडा, लग्नात खर्च करू नका, मन खंबीर ठेवा. गाडगेबाबा हेच सांगायचे, पण ते कीर्तनात प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत. हातात खराटा आणि गाडगं घेऊन, त्याच लोकांची गटारं झाडून झाल्यावर ते विचारत. तो अधिकार गादीवर बसून मिळत नाही. कापसाचा भाव, पाऊस, कर्जाचे नियम हे शेतकऱ्याच्या सवयींतून आलेले नाहीत, आणि त्यांचा जाब त्याच्या मनाकडे मागणं हा अन्याय आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं १९ मार्च १९८६ रोजी जीवन संपवलं. अलीकडच्या वर्षांत त्या दिवशी राज्यभर अनेक माणसं, त्यांत शहरात नोकरी करणारी शेतकऱ्यांची मुलंही, एक दिवस अन्नत्याग करतात. मला ही रीत योग्य वाटते, कारण तिथं प्रश्न खाणाऱ्यानं स्वतःला विचारलेला असतो. माझ्या ताटातला घास कोणाला किती पडला? कापड विणणारा, विकणारा, नेसणारा, प्रत्येकानं आपल्या हातातल्या कर्मापुरतं पाहावं. दुसऱ्याच्या हाताकडे बोट दाखवून केलेलं आत्मपरीक्षण मी मानत नाही.

बायकांच्या हातातली एक सवय मला यासाठीच इथं मांडायची आहे. संक्रांतीचं हळदी-कुंकू. वाण, तिळगूळ, ओटी, सगळं आनंदाचं. पण ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या इतक्या तरुण विधवा आहेत, तिथं प्रत्येक हळदी-कुंकवाच्या वेळी गल्लीतली दोन-तीन दारं बंद राहतात. ‘विधवेला का बोलवत नाही’ विचारलं तर उत्तर येतं, पद्धत आहे, तिलाच वाईट वाटेल. ‘हे कोणाला लागतं’ असा प्रश्न केला की ते बंद दार डोळ्यांसमोर येतं, आणि मग ‘पद्धत’ हा शब्द घशातून बाहेर पडत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं तो इतर गावांपुढे ठेवला. ठरावाचं मोल मोठं आहे. तरी वाण हातात घेऊन कोणाच्या दारात जायचं, हे शेवटी प्रत्येक घरची बाईच ठरवते. आमच्या घरचं वाण आता सगळ्या दारांत जातं. पहिल्या वर्षी एकीनं दार उघडून कपाळावर हात आडवा धरला. दुसऱ्या वर्षी तिनं हात खाली ठेवला.

राहुलच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. भन्तेंनी तो हळूच सांगितला आणि बऱ्याच जणांच्या कानांवरून गेला. करून झाल्यावर पाहिलं आणि पीडा झालेली दिसली, तर ते गुरूजवळ, जाणत्या सोबत्याजवळ उघड सांगावं आणि पुढे सावध राहावं. पण पीडा झालेली नाही असं दिसलं तर? तर रात्रंदिवस आनंदात राहावं. हे बुद्धवचन आहे. स्वतःला प्रश्न विचारणं म्हणजे स्वतःला सतत टोचत राहणं, असा आपल्याकडे समज आहे, आणि म्हणून धडधाकट माणसं त्यापासून लांब राहतात. इथं तर चांगल्या कर्माचा आनंद घ्यायला सांगितलं आहे, शिकण्याचाच भाग म्हणून. फवारणी संपवून तो मुलगा साबणानं कोपरापर्यंत हात धुतो, कोरडा शर्ट घालतो आणि धुऱ्यावर बसून भाकर खातो, तेव्हा मला बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्याबद्दल मनात कसलाही संकोच ठेवू नये असं मी शिकले आहे.

म्हणून लोहारा, दारव्हा रस्ता आणि पलीकडच्या सगळ्या गावांतल्या कापूसवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे. डिसेंबर संपला की उलंगवाडी करा, फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या धुऱ्यावर रचू नका. आणि येत्या हंगामात फवारणीचे पैसे पंपामागे न देता रोजानं द्या.